अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेला मोठी देणगी द्यायची आहे, 990 मध्ये काय पाहावं?

मृदगंध
आमच्या गटाला कर्करोगाच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेला 25 हजार डॉलर द्यायचे आहेत. आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) यादीत संस्थेचं नाव आहे, मानांकन देणाऱ्या साइटवर चार तारे आहेत. संस्थेच्या साइटवर ठळक अक्षरांत 'दर डॉलरमधले 78 सेंट थेट कामावर'. गटातल्या निम्म्यांना एवढं पुरे वाटतं, निम्म्यांना नाही. फॉर्म 990 (संस्थेनं कर खात्याकडे दर वर्षी भरायचं विवरणपत्र) उतरवून घेतलाय, पण पानं पन्नासेक आहेत. सुरुवात कुठून करू?

ताळेबंद
यादीत नाव आहे म्हणजे देणगीवर करसवलत मिळेल, बास. कामाची हमी त्यात नसते.

एका वर्षावर जाऊ नका. मागितल्यावर शेवटच्या तीन वर्षांचे 990 देणं संस्थेला कायद्यानं बंधनकारक आहे, शिवाय प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्स्प्लोरर साइटवर ते फुकट मिळतात. जानेवारी-डिसेंबर वर्ष पाळणाऱ्या संस्थेला मुदतवाढ घेऊन पुढच्या 15 नोव्हेंबरपर्यंत फॉर्म भरता येतो. त्यामुळे आकडे वर्ष-दीड वर्ष शिळे असतील, त्यावरून संशय घेऊ नका.

थेट भाग 9, म्हणजे खर्चाचा तक्ता उघडा. चार रकाने आहेत: एकूण, कार्यक्रम, व्यवस्थापन, निधीसंकलन. कार्यक्रम भागिले एकूण केलंत की तुमचे 78 सेंट निघतील. मग दोन ओळी बघा. 11ई म्हणजे बाहेरच्या निधीसंकलकांची फी आणि 26 म्हणजे संयुक्त खर्च. फी 15 हजार डॉलरच्या वर असली तर शेड्यूल जी (फॉर्मची एक पुरवणी) जोडावंच लागतं. त्यात कोणत्या कंपनीनं किती गोळा केले आणि त्यातले किती स्वतःकडे ठेवले, हे शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं. अख्ख्या फॉर्ममधलं सगळ्यात बोलकं पान माझ्या मते हेच.

मृदगंध
पाहिलं. एकूण खर्च 1 कोटी. कार्यक्रम 78 लाख, व्यवस्थापन 7 लाख, निधीसंकलन 15 लाख. ओळ 26 मध्ये कार्यक्रमाच्या रकान्यात 15 लाख आहेत. आणि भाग 8 मध्ये, म्हणजे जमेच्या तक्त्यात, 1जी ओळीवर 40 लाख 'नॉनकॅश'. हे काय प्रकरण?

आडवा_छेद
वस्तुरूप देणगी. आरोग्य संस्थांत बहुतेक वेळा औषधं. शेड्यूल एममध्ये औषधांची स्वतंत्र ओळ आहे, तिथे किंमत कोणत्या पद्धतीनं धरली तो रकाना वाचा. मुदत संपत आलेली किंवा जेनेरिक औषधं अमेरिकी घाऊक दरानं धरली तर तोच माल जागतिक बाजारातल्या किमतीच्या कित्येक पट दिसतो. मिळाला तेव्हा जमा, पुढे पाठवला तेव्हा कार्यक्रम खर्च, म्हणजे एकाच फुगवट्यानं दोन्ही बाजू सजतात. 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकी सरकारी संस्था) सगळ्या 50 राज्यांसह चार कर्करोग संस्थांवर दावा लावला. लोकांकडून गोळा केलेले 18 कोटी 70 लाख डॉलर हा मुख्य मुद्दा होताच, पण 22 कोटी 30 लाखांहून अधिकच्या वस्तुरूप देणग्या खोट्या दाखवल्याचाही आरोप होता. त्या संस्था मालाच्या वाटेवरच्या फक्त चौक्या होत्या.

संयुक्त खर्च म्हणजे एकाच पाकिटात 'तपासणी करून घ्या' हा संदेश आणि देणगीचं आवाहन. हिशेबाच्या नियमांत हेतू, वाचकवर्ग आणि मजकूर अशा तीन कसोट्या आहेत. एकीतही नापास झालं तर सगळा खर्च निधीसंकलनात टाकावा लागतो. पाकिटं जुन्या देणगीदारांनाच गेली असतील तर वाचकवर्गाची कसोटी पुरी झाली नाही असं आधी गृहीत धरतात. झाली हे संस्थेनं दाखवायचं.

आता तुमचे आकडे. त्याच वर्षी 40 लाखांची औषधं आली आणि वाटली असं धरू. ती वगळली तर खर्च 60 लाख, त्यात कार्यक्रम 38, म्हणजे 63 टक्के. संयुक्त 15 लाख निधीसंकलनात ढकलले तर कार्यक्रमाचे उरतात 23, म्हणजे 38 टक्के. खरं उत्तर 38 आणि 78 च्या मधे कुठेतरी आहे. ते पाकीट मागवून वाचा, मग ठरेल.

जमाखर्च
हिशेब बरोबर, पण टक्क्यांच्या नादी फार लागू नका. 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या धर्मादाय संस्थांची माहिती आणि पारख देणाऱ्या तिघांच्या प्रमुखांनी एकत्र जाहीर पत्र काढून हेच सांगितलं होतं. व्यवस्थापन खर्च 2 टक्के दाखवणाऱ्या संस्थेत लेखापाल धड नसतो. संशोधनाला पैसे देणारी संस्था असेल तर आणखी गंमत: तीन वर्षांच्या बिनशर्त अनुदानाचं वचन दिलं की सगळी रक्कम पहिल्याच वर्षी खर्ची पडते. त्या वर्षी गुणोत्तर झकास, पुढच्या वर्षी पडलेलं. तीन वर्षांची बेरीज करून भागा.

मी भाग 6 वर, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या प्रश्नांवर, जास्त वेळ घालवीन. 1ए आणि 1बी: विश्वस्त किती, त्यातले स्वतंत्र किती. ओळ 2: नातेवाईक किंवा धंद्यातले भागीदार आहेत का. ओळ 5: मालमत्तेचा मोठा गैरवापर आढळला का. इथे 'होय' असेल तर शेड्यूल ओमधला खुलासा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रामाणिकपणे 'होय' लिहून वसुली केलेली संस्था मला चालते. मग शेड्यूल एल: संचालकाच्या कंपनीला छपाईचं काम, मेहुण्याला कर्ज, असलं सगळं तिथे सापडतं.

ताळेबंद
भाग 10, म्हणजे ताळेबंद, राहिला. ओळ 27 म्हणजे बंधनमुक्त निधी. त्याला वार्षिक रोख खर्चानं भागा. तीन महिन्यांहून कमी गंगाजळी म्हणजे ओढाताण, तीन वर्षांहून जास्त म्हणजे तुमच्या पैशांची निकड नाही. ओळ 28 मधला पैसा यात धरू नका, त्यावर देणगीदारांच्या अटी असतात.

मृदगंध
औषध कंपन्यांचे पैसे किती, ते कुठे दिसेल?

आडवा_छेद
तिथेच अडतं. शेड्यूल बीमध्ये मोठे देणगीदार असतात, पण सार्वजनिक प्रतीत नावं खोडलेली. ओपन पेमेंट्समध्ये (औषध कंपन्यांनी कुणाला पैसे दिले याची सरकारी नोंद) डॉक्टर आणि शिकवणारी रुग्णालयं सापडतात, रुग्ण संघटना नाहीत. म्हणून वार्षिक अहवालातली आभारयादी चाळा, आणि संस्थेला लेखी विचारा: एकूण रोख देणग्यांत औषध व उपकरण कंपन्यांचा वाटा किती, आणि सर्वात मोठ्या एका कंपनीचा किती? एकाच औषधाच्या रुग्णांना मदत आणि त्याच औषधाची कंपनी देणगीदार असेल, तर तुमचे पैसे तिथे घालण्यात अर्थ नाही.

सोबत ऑडिट केलेले हिशेब मागा, टिपांसकट. वस्तुरूप देणगीची किंमत कशी धरली ते 2021-22 पासूनच्या टिपांत असायला हवं. फक्त दोन पानांचा सारांश पाठवला तर पुन्हा मागा.

जमाखर्च
आणि 25 हजार एकरकमी देऊ नका. आधी 5 हजार, पत्रात उद्देश लिहून: 'रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी, रोख स्वरूपात'. पोचपावतीत तोच उद्देश उतरला का ते बघा. नुसतंच 'देणगीबद्दल आभार' आलं तर उरलेले 20 हजार थांबवा आणि दुरुस्त पावती मागा.