टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही

एका काकांनी लिहिलंय की त्यांच्या मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १८० येतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. थोडं थांबा काका. तो मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. गटाराचं चार थेंब पाणी मिसळलं तरी आकडा जवळपास तोच राहील.

आमच्या बडोद्याला आजवा तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळापासून, १८९२ पासून, येतंय. निमेट्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते गाळून शुद्ध होतं. घोटाळा होतो तो पुढे, जुन्या नळांत. आमच्या दांडिया बाजारात पाणी ठरावीक वेळच येतं. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि फटींतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. त्यात लोक थेट लाइनला मोटर लावतात, म्हणजे ओढ आणखी वाढते! (आमच्याच वाड्यात तीन आहेत, नावं घेत नाही.) गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पहिल्या दोन बादल्यांना वास यायचा. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, ‘थोडं वाहू द्या’.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे १०० मिलि पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) अजिबात सापडायला नको आणि क्लोरीन दिलेल्या पाण्यात नळाशी ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी क्लोरीन उरायला हवं. क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली स्वस्तात मिळते. थोड्या पाण्यात ते थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पिवळं नाहीच झालं, तर नळाचं पाणी उकळूनच प्या.