मदत हवी आहे: 'मॉरिसन्स जिग'ची १९३६ ची तबकडी आणि तिचं खरंखुरं स्वरलेखन

लिफीकाठी:

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे सगळ्या प्रकारचे कानसेन आहेत म्हणून विचारतोय. आयरिश पारंपरिक संगीत वाजवणारं किंवा जुन्या तबकड्या गोळा करणारं कुणी असेल तर कृपया वाट दाखवा.

मी व्हायोलिन आपल्या पद्धतीने, मांडी घालून शिकलो. सध्या डब्लिनला असतो आणि इथल्या पबमधल्या सेशनला (वादक जमून वाजवतात त्या बैठकीला) जाऊन कोपऱ्यात बसतो. तिथे 'मॉरिसन्स जिग' हमखास वाजते (जिग म्हणजे आयरिश नाचाची एक चाल). ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: सहा-आठचा ताल, आणि सा पाश्चात्त्य ई वर धरलात तर स्वर सरळ काफी थाटाचे. ग-नि कोमल समजून वाचा:

सा – – प – – | सा प सा म रे नि़ | सा नि़ सा प – – | नि ध प म रे नि़ |

तीन-तीनचे तुकडे पाहून दादरा आठवेल, पण वजन निराळं आहे. ठेका धरायला गेलात तर फसाल.

माझ्याकडे जमलेली माहिती अशी. जेम्स मॉरिसन हे आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातले फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच), जन्म १८९३. १९१५ साली अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये वाजवत आणि शिकवत राहिले, १९४७ मध्ये वारले. शिकवण्यावरूनच त्यांना 'प्रोफेसर' म्हणायचे. ही जिग त्यांनी १९३६ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी वाजवली, सोबत अकॉर्डियनवर टॉम कारमडी. गंमत अशी की ती मुळात कारमडींकडची. ते केरी परगण्यातले, आणि त्यांच्याकडे तिचं नाव 'द स्टिक अक्रॉस द हॉब'. तबकडीमुळे मॉरिसनांचं नाव चिकटलं ते कायमचं. केरीची चाल स्लायगोच्या माणसाच्या खात्यावर जमा झाली म्हणायची.

आता अडचण. मला त्या तबकडीची स्वच्छ प्रत हवी आहे, तीही कॅटलॉग क्रमांकासकट. आणि त्या बाजूवर जे वाजलंय त्याचं स्वर-न्-स्वर लेखन. नेटवर जे एबीसी नोटेशन (इंग्रजी अक्षरांतलं स्वरलेखन) मिळतं तो नुसता सांगाडा असतो, सेशनला सोयीचा. उदाहरणार्थ दुसऱ्या भागाची सुरुवात सगळीकडे अशी दिसते:

प सां सां रें सां सां | मं सां सां रें सां सां |

फिडलवर हा सां म्हणजे मोकळी तार. दोन सां सुटे काढायचे की एका गजात ओढायचे, मधला नुसता स्पर्श करून सोडायचा का, हे कागद सांगत नाही. मला मिळालेल्या प्रतीत खरखर इतकी की गज कुठे वळला ते कळत नाही, शिवाय सगळं जवळजवळ अर्धा स्वर चढं वाजतंय.

आणि शेवटचं: १९३६ च्या आधी ही चाल दुसऱ्या कुठल्या नावाने छापली गेली आहे का?

खर्जातला_सा:

यूट्यूबवर ढिगाने आहे की! पहिल्याच पानावर दहा-बारा दिसल्या.

लिफीकाठी:

त्या आजच्या वादकांच्या आहेत हो. उत्तम आहेत, पण बरेच जण छापील सांगाड्यावरूनच शिकलेले. मला उगमाकडे जायचंय.

गजवाला:

चांगला धागा. मी जुन्या तबकड्यांच्या नादी लागलेला माणूस, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी क्रमांक. कोलंबियाची आयरिश मालिका ३३००० पासून सुरू होते आणि आकड्यानंतर 'एफ' असतो. सांता बार्बराच्या विद्यापीठाचा अमेरिकन ध्वनिमुद्रणांचा डेटाबेस आहे, त्यात वादकाच्या नावाने शोधा. मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाचा, तबकडीवर कोरलेला) मिळाला की तो आपल्या प्रतीशी जुळवा. यूट्यूबवर चढवणाऱ्याने लेबलाचा फोटो दिला नसेल तर त्या प्रतीवर विसंबू नका. कागदावर हवं असेल तर रिचर्ड स्पॉटस्वूड यांची सात खंडांची सूची आहे, १९९० ची. मोठ्या ग्रंथालयात मिळते.

डब्लिनमध्येच आहात तर मेरियन स्क्वेअरला ७३ नंबरच्या घरात आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे, संस्था १९८७ ची. आधी ईमेल टाकून जा. तिथली माणसं अशा प्रश्नांना कंटाळत नाहीत.

जुन्या नावाबद्दल: नावाने शोधूच नका. आयरिश चालींना चार-चार नावं असतात आणि एकाच नावाच्या चार चाली. ब्रेन्डान ब्रानाख यांनी यावर फार सुंदर तोड काढली होती. चालीच्या सुरुवातीचे वजनाचे स्वर आकड्यांत लिहून त्यांची कार्डं लावायची, म्हणजे नाव काहीही असो, चाल सापडते. तुम्ही वर सरगम लिहिलीत त्याच जातीचं काम. घरबसल्या हवं असेल तर ट्यूनपॅल नावाचं ॲप आहे, त्यात दोन-चार ओळी वाजवल्या की ते संग्रहांतून जुळणारी चाल काढून देतं.

ओ'नील यांचे संग्रह (१९०३ चा १८५० चालींचा आणि १९०७ चा १००१ चा) याच पद्धतीने तपासा. पण तिथे अलंकार शोधू नका. फ्रान्सिस ओ'नील शिकागोचे पोलीसप्रमुख, चाली त्यांच्या डोक्यात. कागदावर उतरवायचे ते सार्जंट जेम्स ओ'नील, ऐकून. त्यांना चाल टिकवायची होती, गज नव्हे.

लिफीकाठी:

वा, हे सोनं आहे. पट्टी कशी लावू? अकॉर्डियनवरून लावली तर?

गजवाला:

अकॉर्डियन स्वतः कुठल्या पट्टीला लावलेलं होतं कुणास ठाऊक, त्यामुळे तो पुरावा अर्धाच. फिडलच्या मोकळ्या तारा ऐका. मोकळी तार वेगळी खणखणते, ती ई वर आणून बसवा आणि मग वेग कमी करा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नसायच्या, त्यामुळे अर्धा स्वर चढलेला असण्यात नवल नाही.

दुसरं, दोन वाद्यं एकाच चालीवर असताना गज वेगळा काढणं कठीण. म्हणून आधी मॉरिसनांच्या १९२० च्या दशकातल्या एकट्याच्या तबकड्या ऐका, १९२१ पासूनच्या. तिथे फक्त पियानोची साथ आहे. (त्या काळच्या पियानोवाल्यांकडे शक्यतो दुर्लक्ष करा, पुष्कळांना चाल ठाऊकच नसायची.) त्यांचा हात एकदा कानात बसला की खरखरीतूनही ओळखू येतो. हॅरी ब्रॅडशॉ यांनी 'द प्रोफेसर' नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रणांचं संकलन काढलं होतं, त्यातली सफाई चांगली आहे.

लिफीकाठी:

मनापासून आभार. मेरियन स्क्वेअरला ईमेल टाकतोच. 'द प्रोफेसर' कुणाकडे असेल तर आतल्या पुस्तिकेत १९३६ च्या मुद्रणांबद्दल काय लिहिलंय तेवढं पाहून सांगाल का? आणि केरीकडच्या कुणी ही जिग 'स्टिक अक्रॉस द हॉब' या नावाने वाजवलेली ऐकली असेल तर तेही कळवा. दुवा चालेल, फोनवर केलेलं रेकॉर्डिंगही चालेल.