स्टेम सेल ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन असतं का? भावाला माझ्या पेशी द्यायच्यात

रानफूल:
धाकट्या भावाला एएमएल आहे, म्हणजे ब्लड कॅन्सरच. किमो झाली, बोन मॅरोचा (हाडातल्या मगजाचा) रिपोर्ट क्लिअर आला, आम्ही सुटलो म्हणतोय तोवर डॉक्टर म्हणाले आता स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याकडून घेऊन त्याला द्यायच्या. माझं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्याच्याशी पूर्ण जुळलंय. डॉक्टरांसमोर बसलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि घरी आलं की डोकं कोरं. माझं हाड कापणार का? आई तर मणक्यात सुई घालतात असं कुठूनतरी ऐकून रडतेय. आणि रिपोर्ट क्लिअर आहे तर ट्रान्सप्लांटआधी त्याला परत एवढी जबरी किमो कशाला? त्याचा ग्रुप बी पॉझिटिव्ह, माझा ओ, ते चालतं का?

वाटसरू:
ताई, मी बहिणीला दिल्यात पेशी, त्यामुळे डोनरचं तेवढं सांगतो. मणक्याचा काही संबंध नाही, आईंना आधी हे सांगा. हाडातून काढायच्या असल्या तरी भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुईने काढतात, कापाकापी नाही. पण मोठ्या माणसांत आता बहुतेक वेळा रक्तातूनच घेतात. मला चार-पाच दिवस जीसीएसएफची इंजेक्शनं दिली, त्याने मॅरोतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. तेव्हा कंबर आणि मांड्या अशा ठणकल्या की कूस बदलताना कण्हायचो, पॅरासिटामॉलवर निभावलं. मग मशीनवर चार-पाच तास, एका हातातून रक्त जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. हात वाकवायचा नाही, आणि नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटते. मधेच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच नर्सला सांगा, मशीनमधल्या औषधाने कॅल्शियम उतरतं म्हणून होतं ते.

सूक्ष्मदर्शी:
मी ब्लड बँकेत काम करते. पूर्ण मॅच मिळाला हे नशीबच समजा, सख्ख्या भावंडात सुद्धा तो चान्स २५ टक्केच असतो. ग्रुप वेगळा असला तरी चालतो, जुळायला लागतं ते एचएलए. ओ कडून बी ला देताना पेशींच्या पिशवीतला प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) गरजेप्रमाणे कमी करतात, आणि काही महिन्यांत भावाचा ग्रुपच ओ होतो, कारण रक्त तुमच्या पेशी बनवत असतात.

किमोचं म्हणाल तर रिपोर्ट क्लिअर म्हणजे दिसण्याइतक्या वाईट पेशी नाहीत, एकही नाही असं नव्हे. दुसरं म्हणजे त्याची स्वतःची इम्युनिटी तशीच ठेवली तर ती तुमच्या पेशींना घुसखोर समजून हाकलेल, म्हणून तिला आधी निजवायचं. आणि खरी गंमत पुढे आहे, तुमच्या पेशींतून तयार झालेली इम्युनिटी उरलेल्या कॅन्सरला शोधून मारते, एएमएलमध्ये दुसऱ्याच्या पेशी घेतात त्या मुख्यतः यासाठीच. पण तीच इम्युनिटी कधीकधी त्याच्या त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर पण उठते. त्याला जीव्हीएचडी म्हणतात, त्यासाठी औषधं आधीपासूनच चालू असतात.

मधलीसुट्टी:
माझं मायलोमासाठी (तोही ब्लड कॅन्सरच) झालं, स्वतःच्याच पेशी गोठवून परत दिल्या, म्हणून जीव्हीएचडीची भानगड नव्हती. ऑपरेशन थिएटर बिएटर काही नाही हो. सलाईनसारखी पिशवी लावतात, पेशी आपल्या आपण हाडात जाऊन बसतात. गोठवताना घातलेल्या औषधाचा लसणासारखा वास माझ्या अंगाला दोन दिवस येत होता, मला सोडून सगळ्यांना! नंतरचे दिवस मात्र वाईट, तोंड आलं, पाणी गिळवेना, रोज सकाळी फक्त काउंट किती एवढंच विचारायचो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागोपाठ तीन दिवस ५०० च्या वर आले की पेशी रुजल्या म्हणतात. लहानपणीच्या लसी पण परत घ्याव्या लागल्या. बाकी १०० दिवसांनी सगळं नॉर्मल.

सूक्ष्मदर्शी:
@मधलीसुट्टी, तुमच्या बाबतीत ठीक आहे, पण यांच्या भावाला १०० दिवस ही रेघ धरू नका. दुसऱ्याच्या पेशी असल्या की इम्युनिटी दबवणारी औषधं पुढे कित्येक महिने चालतात, नॉर्मल व्हायला वर्ष किंवा जास्तही लागू शकतं. घरात सर्दीवाला माणूस आला तरी त्याला लांब ठेवा.

रानफूल:
खूप खूप आभार सगळ्यांचे. मणक्याचं सांगितल्यावर आई जरा शांत झालीये. आता भाऊ विचारतोय की तुझं रक्त अंगात आलं की तुझ्यासारखी धुळीने शिंकांची लाइन लागायची ती पण मला लागणार का, मी त्याला गप बस म्हटलं.

सूक्ष्मदर्शी:
गप बस म्हणू नका, प्रश्न बरोबर आहे त्याचा! डोनरची ॲलर्जी पेशंटमध्ये गेल्याच्या नोंदी आहेत. नेहमी जाते असं नाही, पण डोनर तपासणीच्या फॉर्मवर धूळ नक्की लिहा.