मदत हवी आहे: गांडुळाच्या पेशी यीस्ट गिळताना जिवंत दाखवायच्या आहेत

राजेहो, नववी-दहावीच्या पोरांना पांढऱ्या पेशी जंतू कशा गिळतात ते जिवंत दाखवायचं आहे, चित्र काढून पोरं कंटाळून राहिली. शाळा यवतमाळकडच्या खेड्यात, मायक्रोस्कोप आरशावाला, ४५ची लेन्स आहे, ऑइलवाली (तेलाचा थेंब टाकून पाहायची) नाही. लाइटचा भरोसा नाही म्हणून सगळं उन्हाच्या उजेडावर.

माझ्याच रक्ताची लीशमन स्टेनवाली (रक्तपेशी रंगवायचा रंग) स्लाइड केली, न्यूट्रोफिलचं (जंतू गिळणारी एक पांढरी पेशी) तुकड्यातुकड्याचं केंद्रक मस्त दिसते, पण त्या मेलेल्या पेशी, गिळणार काय! पोरांचं रक्त काढायचं नाही, ते सुचवू नका. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं १८८२ मध्ये स्टारफिशच्या अळीत काटे टोचून त्याभोवती पेशी जमताना पाहिल्या होत्या, आपल्याकडं कुठला आला समुद्र, म्हणून गांडूळखताच्या बेडातले आयसेनिया फेटिडा जातीचे गांडूळ घेतले. त्याईच्या अंगातल्या द्रवात गिळणाऱ्या अमीबासारख्या पेशी असतात, पण स्लाइडवर पिवळ्या दाण्यांच्या पेशींचीच गर्दी होते अन् त्या तर गिळत नाहीत. वरून काँगो रेडमध्ये (आम्लात निळा होणारा लाल रंग) उकळलेलं बेकरीचं यीस्ट टाकलं, बराच वेळ पाहिलं, यीस्ट बाजूलाच पडून.

सेंट्रीफ्यूज (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायचं यंत्र) नाही, केमिकल तालुक्याला मिळेल तेवढंच.

तर सांगा, माणसाच्या पेशींना ०.९ टक्के मिठाचं पाणी लागते, गांडुळाच्या पेशींना तेवढंच चालते का कमी घ्यायचं? पिवळ्या पेशी सेंट्रीफ्यूजशिवाय कशा कमी करायच्या? अन् काँगो रेड लालचा निळा व्हायला पीएच ३ च्या आसपास यावा लागते, तर गिळलेल्या यीस्टभोवती तेवढं आम्ल होते का, का दुसरा रंग घेऊ?