जेरिॲट्रिक्सची (वृद्धांच्या उपचारांची) पीजीवाय-२ (पदवीनंतर दुसऱ्या वर्षाची) रेसिडेन्सी करावी की सरळ नर्सिंग होमची नोकरी धरावी? (अमेरिका)

गोळ्यांचा_डबा
नमस्कार मंडळी, अमेरिकेतले फार्मसीवाले कोणी असतील तर सल्ला हवाय. पुण्यातून फार्म.डी. केलं, मग एफपीजीईसी (परदेशी फार्मसी पदवीधरांचं सर्टिफिकेट), टोफल, इंटर्नशिपचे तास, नॅपलेक्स (लायसन्सची परीक्षा) असं सगळं रीतसर पार करून आता न्यू जर्सीत लायसन्स आहे आणि एका रिटेल चेनमध्ये काउंटरवर उभी असते. पगार बरा आहे, तक्रार पगाराची नाही. पण रोज समोर पंचाहत्तरी-ऐंशीची माणसं येतात, हार्टवाल्याच्या चार गोळ्या, युरोलॉजिस्टच्या दोन, झोपेसाठी स्वतःच उचललेलं काहीतरी, आणि मला त्यांच्याशी बोलायला दोन मिनिटं पण मिळत नाहीत कारण मागे ड्राइव्ह-थ्रूची घंटी वाजत असते. आपल्याकडून मुलांकडे राहायला आलेले आईबाबा तर सहा महिन्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घेऊन येतात आणि इथला डॉक्टर त्याच औषधाचं दुसऱ्या नावाने प्रिस्क्रिप्शन देतो, मग दोन्ही चालू!

तर प्रश्न असा की वृद्धांच्या औषधांमध्येच काम करायचं असेल तर पीजीवाय-१ आणि मग जेरिॲट्रिक्सची पीजीवाय-२ अशी दोन वर्षं घालवणं खरंच वर्थ आहे का? की नर्सिंग होमची कन्सल्टंट नोकरी धरून बीसीजीपीची (वृद्धांच्या औषधांतल्या स्पेशालिस्ट सर्टिफिकेटची) परीक्षा दिली तरी चालतं? नवरा म्हणतो आता परत शिकणं पुरे. 😅

मिशिगनची_थंडी
मी केलीये पीजीवाय-२, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार हे आधीच सांगते.

पहिलं वर्ष जनरल, हॉस्पिटलमधलं सगळं थोडं थोडं. दुसरं वर्ष फक्त म्हातारी माणसं. म्हणजे जेरिॲट्रिक क्लिनिक, मेमरी क्लिनिक, नर्सिंग होम, पॅलिएटिव्ह आणि हॉस्पिस, काही ठिकाणी पेस प्रोग्रॅम (नर्सिंग होममध्ये न टाकता डे-सेंटर आणि घरून सांभाळायचं ते मॉडेल), शिवाय वर्षभर चालणारा एक रिसर्च प्रोजेक्ट आणि स्टुडंटना शिकवणं. बीअर्स क्रायटेरिया (म्हाताऱ्यांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी) पाठ असणं हे रेसिडेन्सी नाही, ते कोणीही पाठ करतं, २०२३ ची यादी एजीएसने (अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने) छापलेलीच आहे.

खरं काय शिकते सांगते. ही साखळी बघ, आमच्याकडे अगदी नेहमीची. बाईंना बीपीसाठी अम्लोडिपिन दिलं, पाय सुजले. सूज दिसली म्हणून कोणीतरी फ्युरोसेमाइड लावलं. त्याने सारखं बाथरूम, तर तिसऱ्या डॉक्टरने ब्लॅडर ओव्हरॲक्टिव्ह आहे म्हणून ऑक्सिब्युटिनिन दिलं. ते पडलं ॲन्टिकोलिनर्जिक (ॲसिटिलकोलिनचं काम अडवणारं), बाई गोंधळायला लागल्या, नावं विसरायला लागल्या, मग स्मृतिभ्रंशाचं डोनेपेझिल सुरू. आता डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन एकमेकांच्या बरोबर उलट काम करतात! चार गोळ्या झाल्या आणि आजार मुळात एकच होता. हे कागदावर ओळखणं सोपं आहे गं. पण सोडवायचं कुठल्या टोकाकडून, आधी कोणाला फोन करायचा, युरोलॉजिस्टला न दुखावता कसं सांगायचं, एका वेळी एकच गोळी कमी करून किती आठवडे थांबायचं, आणि "माझी गोळी का बंद केली" म्हणून मुलगी चिडली तर काय बोलायचं, हे कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी बसून दाखवतो तेव्हाच येतं. शिवाय सिरम क्रिएटिनिन १ दिसतंय म्हणून किडनी ठणठणीत असं समजायचं नाही, पंचाऐंशीच्या किडकिडीत आजींचे स्नायूच राहिलेले नसतात म्हणून तो आकडा कमी दिसतो, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट (वय-वजन धरून किडनीचं काम मोजायचं सूत्र) लावलं की खरी गंमत कळते.

जुना_खलबत्ता
मी उलट बाजूने बोलतो. रेसिडेन्सी केली नाही, बरीच वर्षं कन्सल्टंट फार्मासिस्ट आहे, लाँग टर्म केअरच. माझं बी.फार्म. जुनं, चार वर्षांचं, त्यामुळे निभावलं. १ जानेवारी २००३ पासून पुढे पास झालेल्यांना एफपीजीईसीसाठी किमान पाच वर्षांचा कोर्स लागतो म्हणून आपली नंतरची बी.फार्म.ची पोरं अडकतात, तुमचं फार्म.डी. असल्याने तो प्रश्न आला नाही.

आमचं काम असं की नर्सिंग होममधल्या प्रत्येक माणसाचा औषधांचा चार्ट महिन्यातून एकदा तरी फार्मासिस्टने बघायचाच, हा फेडरल नियम आहे, कोणाची मेहेरबानी नाही. त्यामुळे नोकऱ्या असतात. सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणारी औषधं) हळूहळू कमी करून बघितलं का, "लागेल तेव्हा" लिहिलेली ॲन्टिसायकोटिक १४ दिवसांच्या पुढे डॉक्टरने पेशंटला न बघता चालू ठेवलीये का, हे सगळं बघायचं. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना ही औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो म्हणून एफडीएने २००५ मध्येच ब्लॅक बॉक्स वॉर्निंग (औषधावरची सगळ्यात कडक सूचना) टाकलीये, तरी अजून चार्टमध्ये सापडतातच. लॅपटॉप घेऊन गाडीने या गावातून त्या गावात, दुपारचं जेवण पार्किंगमध्ये.

आता हिशोब. फार्मासिस्टचा पगार सव्वा लाख डॉलरच्या वर, रेसिडेंटचा स्टायपेंड त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच. दोन वर्षं. घराचे हप्ते असतील तर नवरोबांचं ऐका. लायसन्स आहे, अनुभव जमवा, बीसीजीपी द्या (अनुभवाची अट बीपीएसच्या, म्हणजे ते सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाच्या, साईटवर ताजी बघून घ्या, बदलत असते).

मिशिगनची_थंडी
खलबत्ता काका, पैशाचं मान्य. पण तुम्ही चार्टवर शिफारस लिहून येता आणि डॉक्टर "असहमत" वर टिक करून मोकळा होतो, बरोबर ना? क्लिनिकमध्ये मी पेशंटसमोर बसते, कोलॅबोरेटिव्ह ॲग्रीमेंट (डॉक्टरशी केलेला करार) असेल तर डोस स्वतः बदलते. हॉस्पिटल, क्लिनिक किंवा शिकवण्याची नोकरी हवी असेल तर बहुतेक जाहिरातींत पीजीवाय-२ किंवा तेवढा अनुभव मागतातच. बीसीजीपी दोन्हीकडून मिळेल, दरवाजे मात्र वेगळे उघडतात.

जुना_खलबत्ता
टिकचं खरं आहे, नाकारत नाही. 😄 पण तोच डॉक्टर तीन महिने सारखी तीच शिफारस बघून शेवटी ऐकतो. चिकाटी लागते.

नाशिकचा_फार्मडी
मध्येच घुसतोय, सॉरी. पाचव्या वर्षाला आहे. आपल्याकडे असं काही आहे का? इथे सत्तरीच्या माणसाला ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकच गोळी वर्षानुवर्षं चालू असते, जेवण कमी झालं तरी डोस तोच, मग शुगर खाली जाऊन चक्कर येऊन पडतात आणि घरचे म्हणतात वय झालं.

मिशिगनची_थंडी
@नाशिकचा_फार्मडी अमेरिकेसारखी मॅचमधून (उमेदवार आणि प्रोग्रॅमच्या पसंत्या जुळवून जागा देतात ते) मिळणारी वृद्धांसाठीची रेसिडेन्सी आपल्याकडे नाही. फार्म.डी. आलंच २००८ च्या रेग्युलेशनने, आणि सहावं वर्ष इंटर्नशिपचं. ते वर्ष स्टोअरमध्ये स्टॉक मोजण्यात घालवू नकोस, हॉस्पिटलमध्ये जेरिॲट्रिक ओपीडी असेल तर तिथे पोस्टिंग माग, नसेल तर मेडिसिन वॉर्डात सत्तरीवरचे पेशंट निवडून त्यांच्या घरच्या गोळ्यांची पिशवीच मागवून घे आणि यादी कर.

गोळ्यांचा_डबा
बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, दोघांनाही थँक्यू. मला पेशंटसमोर बसायचंय हे मात्र वाचता वाचता नक्की झालं. आता व्यवहाराचं. फॉरेन ग्रॅज्युएटला घेतात का? आणि व्हिसा?

मिशिगनची_थंडी
एएसएचपीच्या (रेसिडेन्सींना मान्यता देणारी फार्मासिस्टांची संस्था) नियमात एफपीजीईसी सर्टिफिकेट चालतं, त्यामुळे दार बंद नाही. पण अडचण पीजीवाय-१ लाच येते, पीजीवाय-२ नंतरची गोष्ट. बरेच प्रोग्रॅम व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत, आणि जेरिॲट्रिक्सच्या चांगल्या जागा व्हेटरन्सच्या हॉस्पिटलांत असतात, तिथे सहसा नागरिकत्व मागतात. युनिव्हर्सिटीशी जोडलेली हॉस्पिटलं आधी बघ, एच-वन (नोकरीचा व्हिसा) तिथे लॉटरीशिवाय होऊ शकतो. ग्रीन कार्ड असेल तर यातलं बरंच विसर.

जेरिॲट्रिक्सच्या जागा क्रिटिकल केअर किंवा ऑन्कोच्या मानाने फार थोड्या, एका ठिकाणी एक किंवा दोन. म्हणून पीजीवाय-१ च तिथे धर जिथे जेरिॲट्रिक्सची पीजीवाय-२ पण आहे, म्हणजे अर्ली कमिटमेंटने तिथल्या तिथे पुढे जाता येतं, परत मॅचच्या रांगेत उभं राहायला नको. डिसेंबरच्या मिडइयरला (एएसएचपीचं संमेलन) जाऊन प्रोग्रॅमवाल्यांना भेट, अर्ज फोरकॅसवरून (रेसिडेन्सीच्या अर्जांची साईट), मॅचचा निकाल मार्चमध्ये, पहिल्या फेरीत नाही झालं तर दुसरी असते.

आणि लेटर ऑफ इंटेंटमध्ये "मला आजीआजोबांबद्दल आपुलकी वाटते" असलं काही लिहू नकोस, सगळेच लिहितात. ती दोन देशांच्या स्ट्रिपांची डुप्लिकेट थेरपी लिही, तू काय पकडलंस, कोणाला फोन केलास, पुढे काय झालं. तसं त्यांच्याकडे फार कोणी लिहीत नसेल.

गोळ्यांचा_डबा
अशी एक केस आहे खरी, मेटोप्रोलॉल दोन नावांनी चालू होतं आणि नाडी पार खाली गेलेली. लिहून काढते आणि तुला व्यनि करते, पेशंटची ओळख काढून टाकून. ग्रीन कार्ड नवऱ्याच्या अर्जातून सुरू आहे, त्यामुळे आता त्याच्याशीच परत एकदा बोलावं लागणार. 😬