चिनी बेकरीत शाकाहारी ज्येष्ठांना काय देता येईल? तातडीने मदत हवी आहे

मृण्मयी_क
माझे सासू-सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत. येत्या शनिवारी त्यांना चायनाटाउनमधल्या एखाद्या लहान, घरच्याच माणसांनी चालवलेल्या बेकरीत घेऊन जायचे ठरले आहे. दोघेही शाकाहारी आहेत. मी बराच शोध घेतला, पण जिथे पाहावे तिथे डुकराच्या मांसाचा पाव यादीच्या अग्रभागी दिसतो आणि बाकीच्या पदार्थांत नेमके काय असते ते कोणी सांगत नाही. निश्चिंतपणे काय घेता येईल, एवढेच मला हवे आहे. साखळी दुकानांची नावे कृपया सुचवू नयेत. उद्यापर्यंत उत्तर मिळाल्यास फार बरे होईल.

दूरदेशी
चायनाटाउन कोणत्या शहरातले, हे आपण लिहिलेले नाही. टोरांटो, न्यूयॉर्क आणि सिंगापूर येथील दुकानांत बराच फरक असतो. शिवाय शाकाहारी म्हणजे अंडे चालते की नाही, हे कळल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही.

खवय्या_नाना
अंड्याचा विचार नंतर करावा, कारण मोठी अडचण डुकराच्या चरबीची आहे. चिनी बेकरीतल्या पापुद्र्याच्या पदार्थांत परंपरेने तीच वापरतात. आपल्याकडे चिरोट्यांच्या पोळ्यांमध्ये जसा साटा लावतात, तसे तिथे पाण्यात भिजवलेल्या पिठात चरबीत मळलेले पीठ घालून घड्या घालतात आणि त्यामुळे भाजल्यावर पापुद्रे सुटतात. 'लो पो बेंग' नावाच्या चपट्या गोल पेस्ट्रीचेच पाहा. तिच्यातले पारदर्शक, किंचित चिकट सारण चक्क कोहळ्याचे असते, त्यामुळे नुसते सारण विचारले तर पदार्थ शाकाहारी वाटतो, पण चरबी असते ती आवरणात. एग टार्टची वाटी आणि बदामाची बिस्किटे यांचीही पुष्कळदा हीच गत असते. माझे स्पष्ट मत असे, की कडक शाकाहारी माणसांना तिथे नेऊच नये.

अनुराधा_म
नानांनी चरबीबद्दल दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. हल्ली बरीच दुकाने लोणी किंवा वनस्पती तूप वापरतात, आणि मऊ पावांच्या पिठात बहुधा लोणी किंवा तेलच असते. अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याच्या गोड पुरणाचा पाव, खोबरे-साखर-लोणी भरलेला लांबट पाव, वरच्या भेगाळलेल्या गोड कवचामुळे अननसाचे नाव मिळालेला पण अननस अजिबात नसलेला पाव, असे कितीतरी प्रकार मांसाविना असतात. हाँगकाँगने तर हा अननस-पाव बनवण्याचे कसब २०१४ साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत घातले. विचारून घ्यावे, पण जाऊच नये असे म्हणणे अन्यायाचे आहे.

खवय्या_नाना
अनुराधाताई, आपण सांगितलेल्या तिन्ही पावांवर चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवलेला असतो, आणि अननस-पावाच्या कवचातही अंडे असते. शिवाय विचारून घ्यावे हे लिहायला सोपे आहे. एका बेकरीत मी भाज्यांचा पाव म्हणून जो घेतला, त्यात कांद्याच्या पातीबरोबर हॅमचे बारीक तुकडे निघाले. विकणाऱ्या बाईंनी फसवले असे मी म्हणत नाही. पावात भाजी होती, म्हणून त्यांनी तसे सांगितले. म्हणूनच 'शाकाहारी आहे का' एवढ्या प्रश्नावर विसंबून राहू नये.

मृण्मयी_क
शहर सॅन फ्रान्सिस्को. सासूबाईंना अंडे अजिबात चालत नाही. सासरे केकमध्ये असलेले चालवून घेतात. चरबी दोघांनाही चालणार नाही, हे मला वेगळे लिहिण्याची गरज वाटली नव्हती. नेऊ नये हा सल्ला उपयोगाचा नाही, कारण जायचे नक्की झाले आहे.

रेल्वेप्रेमी
सॅन फ्रान्सिस्को असेल तर गाडी मुळीच नेऊ नका. दक्षिणेकडून येत असाल तर कॅलट्रेनने शेवटच्या स्थानकापर्यंत यावे आणि तिथून टी मार्गाची म्युनी गाडी घ्यावी. २०२३ च्या जानेवारीपासून ती भुयारातून थेट चायनाटाउनला जाते. ग्रँट अव्हेन्यूवरचे प्रवेशद्वार पाहून वर चालत जाण्याचा मोह होतो, पण तिकडचा चढ गुडघे दुखणाऱ्या माणसांना त्रासाचा आहे.

मृण्मयी_क
प्रवासाची सोय झाली आहे. कृपया पदार्थांबद्दल सांगावे.

शुभांगी_ताम्हाणे_वाडी
तुमच्या सासूबाईंसाठी माझे उत्तर एकच आहे, ते म्हणजे 'बाक टोंग गो'. तांदळाचे पीठ, साखर, पाणी आणि यीस्ट एवढ्यावरच हा पदार्थ होतो. पीठ आंबवून वाफवतात. त्यात मूळ पद्धतीने अंडे, दूध, चरबी काहीही नसते. पांढऱ्या, ओलसर, त्रिकोणी किंवा चौकोनी वड्या असतात आणि कापलेल्या बाजूला उभी जाळी दिसते. चव गोड, मागून किंचित आंबूस. तीळ लावून तळलेले गोळेही चिकट तांदळाच्या पिठाचेच असतात, पण त्यांच्या सारणातली चरबी आणि तळणाचे तेल या दोन्हींची चौकशी करावी लागते.

चौकशीसाठी एक सुचवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या जुन्या पिढीची बोली बहुतांशी कँटनीज किंवा तिच्या जवळची आहे. 'याउ मोउ जू याउ?' म्हणजे डुकराची चरबी आहे का, आणि 'याउ मोउ दान?' म्हणजे अंडे आहे का. उच्चार थोडा चुकला तरी पदार्थाकडे बोट दाखवून विचारल्यास लोक समजून घेतात. एकेका पदार्थाबद्दल वेगवेगळे विचारावे, सरसकट विचारू नये.

कोजागिरी
मूनकेकचा, म्हणजे सारण भरलेल्या गोल चिनी गोडाचा, उल्लेख कोणीच कसा केला नाही? तो ज्या सणाला खातात तो चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो आणि २०२५ साली तो व आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी आली होती. कमळबीजाच्या सारणाचा मूनकेक प्रत्येकाने एकदा तरी खाऊन पाहावा.

खवय्या_नाना
त्या सारणाच्या मधोमध बहुधा बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक पुरलेला असतो. इथे तो सुचवण्यात काय अर्थ आहे?

दूरदेशी
मृण्मयीताई, एक गोष्ट अजून कळली नाही. इतकी पथ्ये असताना चिनी बेकरीच का? कारण कळल्यास सल्ला अधिक उपयोगी देता येईल.

मृण्मयी_क
सासऱ्यांनी सांगलीत आयुष्यभर बेकरी चालवली. पाव, खारी, नानकटाई, सगळे घरची माणसे मिळून करत. मागच्या आठवड्यात शेजारच्या चिनी कुटुंबाने दुधाच्या पावाची एक लादी दिली. अंडे आहे का हे विचारून सासऱ्यांनी ती खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशीही ती तितकीच मऊ राहिलेली पाहून तो पाव बोटांनी दाबत, धागे उलगडत बराच वेळ बसले होते. असे दुकान कुटुंब कसे चालवते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे. त्यांना आत भट्टीपाशी जाऊ देतील का, हेही मला विचारायचे आहे.

पीठ_आणि_पाणी
हे आधी कळले असते तर चर्चा वेगळी झाली असती! त्या मऊपणाचे एक कारण 'तांगझोंग' असू शकेल. वजनाने एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी किंवा दूध एकत्र करून साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत ढवळत तापवतात. पिठातील स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो, आणि ही खळ थंड करून बाकीच्या पिठात मळली की पाव पुष्कळ ओलावा घेऊनही हाताळता येतो आणि उशिरा शिळा होतो. सगळ्याच दुकानांत हीच पद्धत असेल असे नाही. काही जण आदल्या रात्रीचे आंबवलेले पीठ मिसळतात. आपल्या सासऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारावा. बेकरीवाल्याला बेकरीवाल्याचा प्रश्न लगेच ओळखू येतो.

अनुराधा_म
मात्र शनिवारी सकाळी आत येऊ देण्याची विनंती करू नये. रांग दारापर्यंत असते, गिऱ्हाइके ताट आणि चिमटा घेऊन उभी असतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला मान वर करायला उसंत नसते. मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास बोलणे होऊ शकेल. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण अनेक लहान दुकाने कार्ड घेत नाहीत.

मृण्मयी_क
मग शनिवारऐवजी मंगळवारी दुपारी नेते. पण तोपर्यंत बाक टोंग गो शिल्लक राहील का?

शुभांगी_ताम्हाणे_वाडी
खात्री देता येणार नाही, कारण तो सकाळी वाफवतात आणि संपला की पुन्हा लावतीलच असे नाही. निघण्यापूर्वी दुकानात फोन करून दोन वड्या बाजूला ठेवायला सांगाव्यात, आणि दुकान त्या दिवशी उघडे आहे ना, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. घरी आणल्यास फ्रिजमध्ये ठेवू नये, तांदूळ कडक होतो. त्याच दिवशी खाऊन टाकावा.