ऑनलाइन मोहिमेत तुम्ही कुठे असता? अनुभव लिहा

भिडस्त: काल जुने फोटो चाळताना २०१७ च्या ऑक्टोबरातला एक स्क्रीनशॉट सापडला. 'मी टू'चे दिवस. रोज रात्री एकेकीचं वाचायचे. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. दोन शब्द टाइप करायचे, पुसायचे. तीन रात्री हेच. शेवटी लिहिणाऱ्या एका मैत्रिणीला खाजगीत पाठवलं, "मी पण." ती म्हणाली, आज झोप लागेल. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, पण मी त्यात नव्हते असं मला कधीच वाटलं नाही. तुमचं कसं?

वारा: माझं उलट, आधी पुढे पाठवायचं मग वाचायचं. हरवलेल्या मुलाचा फोटो असाच फिरवला. मुलगा केव्हाच घरी आलेला, घरच्यांना फोन मात्र चालूच. त्याच्या बहिणीने एवढंच लिहिलं, "दादा, तारीख बघा ना." अजून आठवलं की कसंतरी होतं.

सावली७: @भिडस्त +१ ताई. अगदी मीच.

गणिती: मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलंय, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. कुणी एकटा उठतो, कुणाला आधी दहा उठलेले दिसावे लागतात, कुणाला शंभर. म्हणजे पहिल्याच्या धाडसाइतकीच दहाव्याचीही गरज, तो नसेल तर अकरावा बसूनच राहतो. मी पन्नासाच्या पुढचा. सह्यांचा आकडा बघतो, मगच सही.

नकाशेवाली: मला वाद झेपत नाहीत. कुणी वाकडं बोललं की दिवसभर डोक्यात तेच. पण २०१५ च्या नेपाळ भूकंपात ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या ऑनलाइन नकाशावर, बसले होते. उपग्रहाच्या चित्रात छप्पर शोधायचं, चार कोपऱ्यांवर टिचक्या, पुढचं छप्पर. पायवाट झाडीत गुडूप झाली की चित्र मोठं करून पलीकडचं टोक शोधायचं. मदतीला निघालेल्यांना ते नकाशे लागत होते. कुणाशी एक शब्द बोलावा लागला नाही. चिकाटीच्या माणसांचं काम आहे हे, आणि अशांना कुणी बोलवत नाही याचं वाईट वाटतं. मुलं उठली, नंतर येते.

वारा: @नकाशेवाली हे अजून चालतं का? मला शिकायचंय.

आजोबा६८: आमच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे निरोप. आवाज कायमचा बंद कसा करायचा?

सावली७: काका, ग्रुपच्या नावावर टिचकी, मग म्यूट, मग 'नेहमी'.

आजोबा६८: झाला. जमलं गं.

गणिती: @भिडस्त, मैत्रीण कशी आहे आता?

भिडस्त: बरी आहे. हा धागा तिलाच पाठवलाय.

नकाशेवाली: @वारा हो, चालतं. रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. घाई मात्र चालत नाही तिथे.